एमटीबीच्या फ्रेमला सिटखाली तडा गेलाय, घरी दुरुस्त करायची आहे, जाणकारांनी सांगा

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. पुतण्याची गिअरवाली एमटीबी (माउंटन बाइक) आहे, २६ इंची चाकं, फ्रेम १६ इंची. सिटचा दांडा ज्या उभ्या पाइपात जातो त्याला तडा गेलाय, आडवा पाइप येऊन जुळतो त्या वेल्डिंगच्या अगदी कडेकडेनं. मागून सुरू होऊन साधारण अर्ध्या गोलाईपर्यंत आलाय, नख फिरवलं की अडकतं, आणि सिटवर बसून जोर दिला की कट-कट वाजतं. परतवाड्याला विचारून आलो, नुसती फ्रेम कुठंच मिळत नाही, सगळे म्हणतात नवीनच घ्या. बाकी सायकल टकाटक आहे हो, चाकांचा आउट आत्ताच काढून घेतलाय. घरी शेतीच्या कामासाठी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर, ड्रिल सगळं आहे, वखराची पास, गेटच्या कड्या मी घरीच करतो. तर आर्कनं जमेल का, की गॅसनं पितळ भरून घेऊ, की सीओटू वेल्डिंगवाल्याकडे नेऊ? कॉलेज ९ किलोमीटर आहे आणि सकाळची यष्टी आली तर आली, पोराला सायकल लागतेच.

गॅसकटर
आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर लोखंड, मग पुढं बोलू. नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनिअम, मग घरचं मशीन विसरा. आणि चुंबक फ्रेमलाच लावा, पुढच्या चाकाच्या चिमट्याला नको. बऱ्याच सायकलींत फ्रेम अ‍ॅल्युमिनिअमची अन चिमटा लोखंडाचा असतो, तिथं लोक फसतात.

पूर्णाकाठ
एम-सील भरा अन वरून जुनी ट्यूब करकचून गुंडाळा. आमच्या वावरातली पाइपलाइन तशीच चालून राह्यली 😀

मोहफूल
पूर्णाकाठ भाऊ, पाइपलाइनवर बसून कोणी चिखलदऱ्याचा घाट उतरत नाही. एम-सील गळती थांबवतं, ओढ सहन करत नाही. इथं प्रत्येक खड्ड्याला तो तडा उघडतो अन मिटतो. कोणी खरंच करून बसेल असं, म्हणून लिहिलं.

पूर्णाकाठ
बरं ताई, शब्द मागे. पण ट्यूबचा तुकडा सिटच्या क्लिपवर चढवून ठेवा हे मात्र खरंच सांगतो, पावसाचं पाणी तिथूनच पाइपात उतरते.

पऱ्हाटी
चुंबक चिकटला, फ्रेमला सगळीकडं चिकटला. म्हणजे लोखंडच.

मास्तर_धारणी
वेल्डिंग कशानं करायचं ते नंतर बघू. आधी सांगा, तडा तिथंच का गेला? फ्रेम १६ इंची म्हणता, पोरगा किती उंच आहे? माझा अंदाज असा की पोरगा वाढला, सिट वर-वर घेत गेले, आणि आता दांडा पाइपात जेमतेम राहिलाय. दांड्यावर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसायला नको. रेघ बाहेर आली म्हणजे आत पुरेसा दांडा नाही. मग बसणाऱ्याचं सगळं वजन त्या दोन-अडीच इंचांवर पहारीसारखं काम करतं, वरचं टोक मागं ढकलतं, खालचं टोक पुढं दाबतं, आणि बरोबर त्या वेल्डिंगच्या कडेला पाइप फाटायला लागतो. वेल्डिंगच्या कडेचं लोखंड तापून आधीच थोडं बदललेलं असतं, म्हणून तडा नेहमी टाक्याच्या मधून न जाता काठानं जातो. हे कारण तसंच ठेवून तुम्ही सोन्याचं वेल्डिंग केलं तरी उन्हाळ्याच्या आत परत तिथंच फाटेल. दांडा काढा, मोजा, इथं लिहा.

पऱ्हाटी
सर, बरोबर ओळखलं. दांडा एकूण ३०० मिमी, त्यातला आत फक्त ५ सेंटीमीटर होता. रेघ चांगली बोटभर बाहेर होती. आडव्या पाइपाच्या जोडापर्यंत दांडा पोचतच नव्हता. पोरगा आता पावणेसहा फुटांचा झालाय.

वऱ्हाडी_पाना
भाऊ, अकोटले आमचं सायकलचं दुकान, आता पोरगा पाह्यते. गॅसनं पितळ भर, बाकी कोणाचं ऐकू नको. जुनी काळी चोवीस-अठ्ठावीसची सायकल पाह्य, तिच्या फ्रेमीचे सगळे जोड लगचे (लग म्हंजे जोडावरची बाही), अन लगमंदी पितळच भरेल राह्यते. दोन क्विंटल तुरीचं पोतं आनलं लोकायनं त्याच्यावर, जोड नाही सुटला. पितळ ९०० डिग्रीच्या आसपास वितळते, लोखंड वितळतच नाही, म्हून पाइपाले भोक पडाचं कामच नाही. टाकणखार लावाचा, पाइप लाल करून घ्याचा, मंग पितळ आपोआप ओढून घेते. आर्कनं त्या पातळ पाइपाची चाळणी होऊन जाईन.

गॅसकटर
पाना दादा, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण इथं पटत नाही. लगमध्ये पितळ टिकतं कारण एक पाइप दुसऱ्याच्या आत दोन-तीन सेंटीमीटर बसलेला असतो, मधल्या बारीक फटीत पितळ पसरतं, चिकटायला एवढी मोठी जागा मिळते. इथं नुसता तडा आहे, पाइपाची जाडी दीड मिमी धरा. त्या दीड मिमीच्या कडेला पितळ कितीसं धरणार? एमटीबीच्या फ्रेमला लग नसतेच, पाइप थेट पाइपाला वेल्ड केलेले असतात.
दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही. एकदा पितळ भरलं की त्या जागी परत आर्क, सीओटू, आर्गन कुठलंच वेल्डिंग नीट होत नाही. पितळातला जस्त उकळून धूर करतो, टाक्यात छिद्रं पडतात, तांबं लोखंडात शिरून नवे तडे पाडतं. म्हणजे पितळ जमलं नाही तर परतीचा रस्ता बंद. आधी वेल्ड करा, पितळाचा विचार शेवटी.

वऱ्हाडी_पाना
तडा नुसता भराचा थोडीच हाय. सगळ्या जोडाच्या भवताल गोल चढवून घ्याचं पितळ, बोटानं फिरवल्यावानी, मंग मिळते त्याले जागा. पितळावर वेल्डिंग बसत नाही हे मात्र तू खरं सांगतलं, आमच्याकडं अशी आलेली फ्रेम आम्ही वापसच करत होतो.

बेंबळा
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या सायकलीला चुंबक चिकटत नाही, मागच्या चाकाजवळच्या आडव्या पाइपाला तडा आहे, फ्रेमवर ६०६१ लिहिलंय. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात गॅसच्या छोट्या टॉर्चनं काडी लावून अ‍ॅल्युमिनिअम जोडतात, पाच मिनिटांत. ती काडी मागवू का?

गॅसकटर
नको. त्या काड्या बहुतेक जस्त-अ‍ॅल्युमिनिअमच्या असतात, ४०० डिग्रीच्या आतबाहेर वितळतात. भांड्याचं भोक बुजेल, फ्रेमचा तडा नाही. आणि ६०६१ या अ‍ॅल्युमिनिअमच्या जातीची मुख्य गोष्ट वेगळीच आहे. कंपनीत फ्रेम वेल्ड झाली की तिला ५३० डिग्रीच्या आसपास तापवून पाण्यात थंड करतात, मग पावणेदोनशे डिग्रीच्या आतबाहेर काही तास भट्टीत ठेवतात. तिची ताकद त्या भट्टीतून येते, त्यालाच टी-६ म्हणतात. तुम्ही नुसतं आर्गन मारून आणलं की टाक्याच्या आजूबाजूची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. दिसायला मस्त दिसेल, पण शेजारून फाटेल. पूर्ण फ्रेम परत भट्टीत घालणारा मिळाला तर करा, नाहीतर ती फ्रेम रस्त्यावर आणू नका. ७००५ लिहिलेलं असतं तर थोडं वेगळं, ती वेल्डिंगनंतर आपोआप बरीचशी ताकद परत धरते.

बेंबळा
मन मोडलं पण बरं झालं विचारलं. आमच्या इथं एक जण पाचशे रुपयांत करून देतो म्हणत होता.

वैनगंगाकाठ
एक गोष्ट सांगतो, धाग्याला सोडून नाही. ही एमटीबी मूळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जन्मली, १९७० च्या दशकात. पोट्टे तिथं १९३०-४० च्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरायचे. १९७६ मध्ये रिपॅक नावाची उताराची शर्यत सुरू झाली, नाव असं कारण एका उतरणीत मागच्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब परत ग्रीसनं भरावा लागायचा. त्या जुन्या फ्रेमी सारख्या मोडायच्या, म्हणून त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या पोट्ट्यानं १९७७ मध्ये क्रोमोली पोलादाच्या पाइपातून खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. मोडलेल्या फ्रेमीपायीच ही सायकल तयार झाली म्हणा ना. आपण इकडं देसाईगंजकडचे, धानाच्या बांधीतून सायकल नेतो, आमच्याही मोडतात 😀

पूर्णाकाठ
बांधीचं राहू द्या, आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात दहा पावलं सायकल चालवून दाखवा. चाक अन मागच्या पाइपांच्या मधात असा गोळा बसते की चाक फिरतच नाही, मंग सायकलच डोक्यावर घ्या लागते.

मास्तर_धारणी
ते खरं आहे, आणि त्या गोळ्यात खडे असतात, ते पाइपाचा रंग घासून काढतात. चिखल काढून तिथं पाहत चला, गंज आधी तिथून धरतो. पण मूळ विषय राहिला.

मोहफूल
मी आयटीआयला वेल्डर ट्रेड शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं काम, तडा खरा कुठपर्यंत गेलाय ते शोधा. डोळ्याला दिसतो त्याच्या पुढं तो नेहमी गेलेला असतो. रंग पॉलिश पेपरनं काढा, ग्राइंडर लावू नका, ग्राइंडरनं लोखंड पसरतं आणि तड्याचं तोंड बुजतं. चांगला इंचभर दोन्हीकडून चकचकीत करा. मग रॉकेल लावा, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालेल. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ पुसा, आणि वरून खडूची बारीक भुकटी टाका. तड्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर काळपट रेघ उमटते. ती रेघ संपते तिथं तडा संपतो. दोन्ही टोकांना, रेघेच्या किंचित पुढं, २ ते ३ मिमीचं भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथं गोळा होतो, गोल भोकानं तो पसरतो. नुसतं वरून टाके मारून टोक तसंच सोडलं तर तडा टाक्याखालून पुढं सरकतो.

आर्कनं होईल का? होतं, पण हात पातळ पाइपावर बसलेला पाहिजे. वखराच्या पाशीवर चालणारा हात अन हा हात वेगळा. ३.१५ चा रॉड लावलात तर पाइप गळून पडेल. २ मिमीचा रॉड, ४० ते ६० अँपिअर, रॉड निगेटिव्हला, म्हणजे पाइपावर उष्णता कमी पडते. एका वेळी सेंटीमीटरभर, मग थांबा, गार होऊ द्या, दुसऱ्या बाजूनं घ्या. पाणी ओतून गार करू नका. आधी भंगारातल्या सायकलीच्या पाइपावर सराव करा, आणि तो तुकडा नंतर व्हाइसमध्ये धरून वाकवून पाहा, टाका उघडला तर स्वतःच्या फ्रेमला हात लावू नका.

जागेचंही सांगते, कारण सध्या सगळ्यांच्या घरात कापूस भरून ठेवलाय. ओसरीत, गोठ्याजवळ, पऱ्हाट्यांच्या गंजीजवळ वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही. ठिणगी कापसात शिरली की दिसत नाही, तासाभरानं पेटते. अंगणात मोकळ्यावर करा, बाजूला पाण्याची बादली ठेवा.

पऱ्हाटी
ताई, एवढं कोणी समजावून सांगत नाही. खडूचा प्रयोग लगेच केला. मला वाटत होतं अर्धी गोलाई, पण रेघ पाऊण गोलाईपर्यंत उमटली. समोरून पाइप फक्त थोडासा धरून होता, सायकल त्याच दिवशी बंद केली. भंगारातून जुनी फ्रेम आणून २ मिमीच्या रॉडनं सराव चालू आहे. अडचण अशी की दिवसा व्होल्टेज पडतं, डीपीवर सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की आर्क धरतच नाही, आणि रात्री थ्री फेज येते तेव्हा अंगणात उजेड नाही.

पूर्णाकाठ
व्होल्टेजचं नाव काढू नका बाप्पा, वेगळा धागा होईन.

वऱ्हाडी_पाना
मंग कायले आर्कच्या मागं लागून राह्यला? परतवाड्याले, अचलपूरले स्टीलच्या रेलिंगवाले किती झाले आता. घरोघरी जिन्याले रेलिंग लागून राह्यली. त्याच्यापाशी आर्गनचं मशीन राह्यतेच, अन त्याचा हात रोजच्या रोज पातळ पाइपावर चालते. पितळ नाही म्हनत असान तं हे करा.

गॅसकटर
पाना दादा लाखमोलाचं बोलले. एक काळजी घ्या. रेलिंगवाला सवयीनं स्टेनलेसची काडी भरेल. त्याला सांगा लोखंडी पाइप आहे, तांबडी तार भर. सीओटू मशीनची जी तांब्याचा मुलामा असलेली तार मिळते ना, तिचाच हातभर तुकडा काडीसारखा वापरता येतो, जाताना सोबतच न्या.

बेंबळा
आणि वरून एखादी पट्टी मारून घेतली तर? आमच्याकडे ट्रॉलीला तडा गेला की वरून जाड पट्टी मारतात.

मोहफूल
ट्रॉलीला चालतं, इथं नको. पातळ पाइपावर जाड पट्टी मारली की पट्टीच्या टोकाला नवा ताण येतो आणि पुढच्या वेळी पाइप तिथं फाटतो, त्यातही पट्टीचं टोक पाइपाला आडवं वेल्ड केलं असेल तर हमखास. आतून पाइपाची बाही घालावी म्हटलं तर तिथून सिटचा दांडा जातो. खरं म्हणजे लांब दांडा हीच तुमची बाही. ४०० मिमीचा दांडा घ्या, आडव्या पाइपाच्या जोडाच्या खाली निदान दोन इंच उतरेल असा. मग ओढ एका वेल्डिंगवर न पडता लांब पाइपावर वाटली जाते. मास्तरांनी सुरुवातीला सांगितलं ते हेच.

मास्तर_धारणी
दांड्याची जाडी मात्र बरोबर घ्या. जुन्या दांड्यावर खाली आकडा ठोकलेला असतो, २५.४, २७.२ असा, नाहीतर व्हर्निअर लावा. ०.२ मिमी कमी घेतला तरी क्लिप कितीही आवळा, दांडा आत हलत राहतो.

वैनगंगाकाठ
वेल्डिंगला नेण्याआधी वायर, सिट, चिमट्याचे कप, मधला अ‍ॅक्सल सगळं काढून न्या. ग्रीसवर टाका बसत नाही. आणि वेल्डरला अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळच लावायला सांगा, बेअरिंगमधून करंट गेला तर गोळ्या खराब होतात.

पऱ्हाटी
झालं मंडळी, आर्गननंच करून घेतलं. माझ्या सरावाचे टाके व्हाइसमध्ये वाकवून पाहिले, दोन उघडले, म्हणून ताईंचं ऐकलं आणि फ्रेमवर स्वतः मारलं नाही. भोकं मी घरूनच पाडून नेली होती, तडा हॅक्सॉच्या पात्यानं किंचित मोकळा केला होता, तार सोबत होती. त्या भावानं चार ठिकाणी टाके घेऊन मग आलटून-पालटून भरलं, भोकंही बुजवली. टाका बारीक अन एकसारखा आलाय, माशाच्या खवल्यांगत.

घरी आणून परत खडू लावला, रेघ आली नाही. आत थोडं लोखंड उतरलं होतं, दांडा अर्ध्यावर अडकायचा. अर्धगोल कानस अन मग लाकडाच्या गोल दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून तेल लावून फिरवत बसलो, बराच वेळ गेला पण आता दांडा हातानं घट्ट सरकत जातो. दोरा लावूनही पाहिला, मागच्या एका डाव्या खाचेपासून पुढच्या कपाच्या पाइपाला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणला, आणि उभ्या पाइपापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. एक मिलिमीटरचा फरक आहे. चालेल ना?

गॅसकटर
पळेल. दोन-तीन मिमीपर्यंत चाक सरळ धावतं. दोरा कुठं शिकलात?

पऱ्हाटी
पाना दादांना फोन केला होता.

वऱ्हाडी_पाना
पोट्ट्यानं काम चांगलं केलं. आता उघडं लोखंड ठेवू नको, दवानं एका रात्रीत गंज धरते. प्रायमर मार, दोन हात रंगाचे, अन पाइपाच्या आतमंदी जुनं इंजिन ऑइल फिरवून उलटी करून ठेव. मधल्या अ‍ॅक्सलच्या खाली भोक अशीन तं त्यातला चिखल काढ, पाणी तिथूनच निथरते.

मास्तर_धारणी
रंग त्या जागी फिकट द्या, पांढरा किंवा पिवळा. परत तडा सुरू झाला तर फिकट रंगावर गंजाची बारीक रेघ लगेच दिसते, काळ्यावर दिसत नाही. पहिला महिनाभर कॉलेजच्याच रस्त्यावर चालवू द्या, घाट नको, आणि दर आठवड्याला दांडा काढून पाहा.

पऱ्हाटी
पिवळा दिला. ४०० चा दांडा अमरावतीहून आणलाय, २७.२, ग्रीस लावून बसवला, जोडाच्या खाली अडीच इंच उतरतोय. कट-कट बंद.

वैनगंगाकाठ
त्या रेलिंगवाल्यानं किती घेतले? माझ्या भाच्याच्या सायकलचा मागचा पाइप तसाच आहे, लोखंडीच, पुढच्या आठवड्यात तिकडं लग्नाला येतोय, फ्रेम गाडीत टाकून आणू म्हणतो.

पऱ्हाटी
दोनशे घेतले, चहा वर पाजला. आणा, माझ्याकडंच उतरा, खडूनं आधी आपण पाहून घेऊ तडा कुठवर आहे ते. बाजाराच्या दिवशी मात्र येऊ नका, त्या दिवशी तो दुकान बंद ठेवतो.